डागाचा दाखला

महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे एकाहून अधिक आहेत, आणि ह्या नामसाम्याचा उपसर्ग ज्यांना निमूटपणे सोसावा लागतो त्यांत प्रस्तुत लेखकाची गणना करावयास हरकत नाही. सोलापुराकडील आष्टीच्या रणभूमीवर १८१८ च्या फेब्रुवारीत सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले. वर्धा जिल्ह्यातील आष्टीने १९४२ च्या ऑगस्टात रक्ताचे मोल देऊन आपल्या नावाला 'शहीद' हे पद जोडून घेतले. आणि बालाघाटाच्या रांगा उतरत उतरत जेथे सपाट होऊ लागतात तेथे, सीना नदीच्या अलीकडे, नगर व बीड ह्या दोन जिल्ह्यांच्या सांध्यावर वसलेली आमची आष्टी मात्र इतिहासाच्या नजरेतून सुटल्यामुळे अवर्षणाच्या बातम्यांत आणि, २०२२ पासून, नगरहून येणाऱ्या आगगाडीच्या वेळापत्रकात काय ती आढळते. सांगावयाचा मुद्दा असा की, काही वर्षांपूर्वी मी मागवलेले एका विमानाच्या प्रतिकृतीचे खोके प्रथम दुसऱ्याच आष्टीस गेले, तेथून परत फिरले, वाटेत कोठेसे पावसात भिजले, कोठेसा त्याच्यावर कोणी चहाचा पेला टेकवला, आणि दीड महिन्याच्या देशाटनानंतर एका दुपारी ते माझ्या ओट्यावर येऊन पडले.

ज्यांनी ते वाहून आणले त्यांचे नाव येथे घेत नाही, कारण ह्या प्रकरणी मी फिर्यादी नसून ऋणको आहे. खोके उघडण्यापूर्वी तासभर मी ते नुसते उलटसुलट करून पाहत बसलो. ज्या बाजूने ते ओढले गेले होते त्या बाजूचा पुठ्ठा घासून लव आल्यासारखा झाला होता. जेथे दोरी आवळली होती तेथे वळ होता आणि वळाच्या दोन्ही कडांना धूळ साचली होती. पाणी वरून आले होते, सबब ओघळ खाली उतरले होते, परंतु एका कोपऱ्यात ते आडवे गेले होते, म्हणजे भिजतेवेळी खोके कुशीवर ठेवलेले होते. चौतीस वर्षे तहसील कचेरीत फेरफार, पंचनामे आणि जमाबंदीची मिसले चाळण्यात घालवलेल्या अव्वल कारकुनाला ते खोके एखाद्या फर्दीसारखे वाचता आले, त्यात नवल नाही. नवल एवढेच की, एकही डाग दाखल्यावाचून पडलेला नव्हता. आतल्या विमानाहून बाहेरच्या पुठ्ठ्याने मला अधिक शिकवले. पुढील टिपणे त्या पुठ्ठ्यावरचे भाष्य आहे असे कोणी म्हटल्यास माझी तक्रार असणार नाही.

प्रतिकृती म्हणजे येथे उडणारे खेळणे अभिप्रेत नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात मुले हलक्या लाकडाची जी विमाने करतात ती आकाशात जाण्यासाठी असतात, आणि त्यांचे शास्त्र स्वतंत्र आहे. आमची विमाने कपाटात राहतात. साच्यातून निघालेले प्लास्टिकचे सुटे भाग एका चौकटीला आंब्याच्या देठासारख्या बारीक देठांनी लटकलेले येतात. ते कापावे, घासावे, चिकटवावे, सांधे लुकणाने भरावे. येथपर्यंतचे काम जोडाऱ्याचे आहे, आणि ज्याच्या हाताला धीर आहे त्यास ते साधते. त्याच्यापुढे रंग सुरू होतो. रंग पुरा झाल्यावर, ज्या गोष्टीसाठी हे पुस्तक लिहिले ती सुरू होते: नव्या कोऱ्या रंगावर ऊन, पाऊस, तेल, धूर आणि माणसाचे बूट यांची नोंद करणे.

ह्या शेवटच्या कर्मास आमच्यातले सगळे 'वेदरिंग' म्हणतात, आणि मीही म्हणतो. मराठी शब्द शोधण्याचा खटाटोप मी केला नाही असे नाही. 'मळवणे' म्हणावे तर केवळ घाण अंगी येते. 'जुनवणे' म्हणावे तर वस्तू पडीक असल्याचा भास होतो. जुने दिसणे निराळे आणि वापरातले दिसणे निराळे. माळ्यावर टाकलेला तांब्याचा हंडा जुना असतो, सर्वांगाने सारखाच काळवंडलेला असतो. रोजच्या पाण्याचा हंडा चिंचेने घासून घासून पोटावर लखलखतो आणि काठाखालच्या खोबणीत, जेथे बोट पोचत नाही तेथे, त्याचा हिरवट काळा कळंक राहून जातो. पहिल्यात केवळ काल आहे. दुसऱ्यात घर आहे, हात आहे, रोजची सकाळ आहे. विमानाच्या पत्र्यांमधील सांध्यांत गडद रंगाचे पाणी सोडून वरचा भाग पुसून घेण्याची जी कृती पाचव्या प्रकरणात दिली आहे ती ह्या हंड्याहून काडीइतकीही वेगळी नाही. म्हणून जेथे इंग्रजी शब्दाचा मला कंटाळा आला तेथे मी 'वापर उमटवणे' असे लिहिले आहे.

स्वच्छ, सुबक वस्तू करून मग ती बुद्धिपुरस्सर बिघडवावी ह्यात विक्षिप्तपणा आहे असे आमच्या घरातील मंडळींचे मत होते, आणि आपल्या परंपरेचा एक भाग त्यांच्या बाजूने उभा राहतो हे मला कबूल केले पाहिजे. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर मूर्ती नवीच राखतो. दैवताला वापर नसतो, त्याची झीज दाखवणे हा अपराध होईल. सावंतवाडीचे लाखकाम केलेले फळ झाडावरच्या फळाहून अधिक ताजे असावे लागते. तथापि दुसरी परंपराही आपलीच आहे. दिवाळीत पुण्याकडची मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, तेव्हा त्यांना तो नवा नको असतो. त्यावर ती मोहरी नाहीतर हळीव पेरून झाडी उगवतात, तटाचा एखादा बुरूज बोटाने ढासळवतात, पायवाटेवर वेगळ्या रंगाची माती पसरतात, आणि मावळ्याच्या मानाने दरवाजा केवढा असावा यावरून हमरीतुमरीवर येतात. प्रमाण, पोत आणि पडझड ही आमच्या शास्त्राची तीनही अंगे त्या चिखलात आहेत. पुण्यात कोथरुडास जोशी यांनी उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून लोक पाहत आले आहेत. तेथे जाणाऱ्या मुलाला लघुरूपाचा मोह कशाला म्हणतात हे कोणी समजावून द्यावे लागत नाही.

प्रमाणाविषयी दोन शब्द. १/७२ हे आमच्यातील सर्वांत रूढ प्रमाण. ते आले इंग्रजी फुटापट्टीतून. सहा फुटांचा माणूस एक इंच उंच करावयाचा, म्हणजे बहात्तर इंचांचा एक इंच. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये 'स्कायबर्ड्स' नावाने ह्या मापाची लाकडी विमाने विकली जाऊ लागली, १९३६ च्या सुमारास 'फ्रॉग' कंपनीने ती प्लास्टिकसदृश द्रव्यात आणली, आणि दुसऱ्या महायुद्धात तर हे बालिश माप लष्करी झाले. कारण आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे तोफखान्यावरच्या शिपायास क्षणात ओळखता यावे यासाठी काळ्या रंगाच्या प्रतिकृती दाखवून शिकवीत, आणि अमेरिकेत शाळकरी पोरांकडून त्या मोठ्या संख्येने करवून घेतल्या गेल्या. काळ्या, कारण तेथे केवळ आकृती हवी होती. रंगाला आणि डागाला मज्जाव. युद्धानंतर 'एअरफिक्स'ने १९५३ मध्ये स्पिटफायर बाजारात आणले आणि मग जपानातील तामिया, हासेगावा इत्यादी मंडळी उतरली, तो इतिहास सुपरिचित आहे.

प्रमाणाचे बंधन जोडाऱ्याहून रंगाऱ्यास अधिक जाचते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मिग-२१ च्या पंखांची रुंदी टोकापासून टोकापर्यंत सात मीटर पंधरा सेंटिमीटर. १/७२ मध्ये ती दहा सेंटिमीटरही भरत नाही. त्या पंखावर आपण सुईच्या अग्राने एक मिलिमीटरचा चांदीचा ओरखडा काढला, तर खऱ्या विमानावर तो चार बोटे रुंद होतो, आणि असला ओरखडा घेऊन विमान उडत नसते. रंगाचेही तेच. प्रतिकृती आपण साधारणतः हातभर अंतरावरून पाहतो. हात म्हणजे दीड फूट; त्याला बहात्तरने गुणले असता येतात एकशेआठ फूट. (जपमाळेच्या मण्यांची आणि ह्या संख्येची गाठ पडावी ह्यात काही गूढार्थ नाही, पण मला ती संख्या लक्षात ठेवावयास सोपी गेली.) एकशेआठ फुटांवरून पाहिलेला काळा काळा राहत नाही आणि हिरवा हिरवा राहत नाही, मधली हवा त्यांत थोडे पांढरे मिसळते. म्हणून डबीतला रंग जसाच्या तसा लावू नये, त्यात पांढऱ्याचा वा करड्याचा थेंब टाकून तो हलका करावा. शेतात उभे राहून ज्याने बालाघाटाची रांग निळी होत गेलेली पाहिली आहे त्याला ह्या नियमाचे प्रमाण आणखी कोठे शोधावे लागणार नाही.

आता माझ्या फजितीची कथा. पहिले विमान मी पुरे केले तेव्हा उत्साहाच्या भरात त्यास इतका धूर, इतके तेल आणि इतकी माती फासली की, ते आकाशातून उतरले आहे की जवळच्या कडा गावच्या बाजारातून आले आहे हे कळू नये. आमच्या गल्लीत हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. ते एअरफ्रेम फिटर होते. पण लष्करात गेलेल्या प्रत्येकास 'मेजर' म्हणण्याचा आमच्या भागाचा परिपाठ असल्याने त्यांनाही सगळे मेजरच म्हणतात, आणि प्रारंभी विरोध करून आता ते ओ देऊ लागले आहेत. त्यांनी चष्मा काढून विमान पाहिले, चष्मा लावून पाहिले, आणि म्हणाले, "भाऊसाहेब, एवढं घाण इमान मी लाईनीवर उभं केलं असतं तर त्याच दिवशी मला घरी धाडलं असतं की." मग एकेका डागावर बोट ठेवून त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. हा काळा कशाचा? तेलाचा, मी म्हणालो. तेलाची टाकी इथे कुठे आहे? हा ओघळ मागे का गेला नाही, खाली का आला? हे विमान उभे असताना गळले की उडताना? ह्या ठिकाणचा रंग उडालाय, तर इथे कोणाचा पाय पडतो? मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. आणि ज्या माणसाने आयुष्यभर 'सदरहू नोंदीस आधार काय' हा शेरा इतरांच्या कागदांवर ओढला त्याच्या वाट्याला स्वतःच्या टेबलावर तोच शेरा आला.

त्याच बैठकीत मला 'फॉर्म ७००' ह्या वस्तूचा परिचय झाला. प्रत्येक विमानाची एक वही असते. कोणते काम निघाले, कोणी केले, कोणी तपासले, हे तीत सहीनिशी चढते, आणि ती वही पाहून स्वतःची सही केल्याखेरीज वैमानिक विमान ताब्यात घेत नाही. म्हणजे विमानाचे दप्तर दोन ठिकाणी असते: एक कागदावर, शाईने लिहिलेले; दुसरे पत्र्यावर, तेलाने आणि उन्हाने लिहिलेले. विमान रोज पुसले जाते, म्हणून पत्र्यावरच्या दप्तरात सगळे काही टिकत नाही. जे पुसूनही राहते तेवढेच आपण उमटवावयाचे. मेजरांच्या ह्या एका वाक्याने माझा निम्मा रंग वाचला.

मिग-२१ हे उदाहरण मी पुस्तकभर वापरले आहे, आणि ते केवळ आवडीने नव्हे. १९६३ मध्ये हे विमान आपल्या हवाई दलात आले, आणि पुढे नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात परवान्याने सहाशेहून अधिक मिग-२१ बांधली गेली. द्राक्षाच्या मळ्यांशेजारी, मराठी जोडाऱ्यांच्या हातून. चंदीगडास २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला शेवटचा निरोप दिला गेला. बासष्ट वर्षे सेवेत राहिलेल्या विमानाने पालटावे तितके वेष पालटले, म्हणूनच रंगाऱ्यास त्याच्याइतका चांगला गुरू नाही.

प्रारंभीचे त्याचे रूप उघड्या धातूचे. नवशिक्याला वाटते की चांदीचा एक हात फिरवला की झाले. वस्तुतः उघडा धातू हे ह्या कलेतील सर्वांत अवघड प्रकरण आहे, कारण विमानाचे पत्रे एका उजळीचे नसतात. शेजारशेजारचे दोन पत्रे निराळ्या दिशेने लाटलेले असल्यास ते प्रकाश निराळा परतवतात. धातूचा रंग चकाकावा म्हणून त्याच्याखाली काळ्या रंगाचे गुळगुळीत अस्तर द्यावे लागते, आणि त्या अस्तरावर राहिलेला धुळीचा एकेक कण वरून चंद्रावरच्या डोंगरासारखा दिसतो. मग काही पत्रे झाकून उरलेल्यांवर किंचित गडद छटा, काहींवर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने घोळून. शेपटीकडे जेथे इंजिनाची आच लागते तेथे धातू पिवळसर, मग जांभळट, मग निळा होतो; सोनाराच्या वा लोहाराच्या भट्टीपाशी उभा राहिलेला कोणीही ही क्रमवारी सांगेल, आणि ती उलटी झाली की काम खोटे पडते. नाकातला टोकदार शंकू आणि शेपटीचे टोक मात्र धातूचे नसते, कारण त्यांच्या आत रडार व आकाशतारा (अँटेना) असतात आणि विद्युल्लहरी आरपार जाव्या लागतात. मी पाहिलेल्या दहांतील सहा प्रतिकृतींत ह्या शंकूवर रंग उडून खालची चांदी दिसत असल्याचे दाखवलेले असते. खाली चांदी नाहीच! अशा डागास मी बनावट दस्त म्हणतो.

१९७१ चे युद्ध आले तेव्हा ह्या चकचकीत विमानांवर घाईघाईने हिरवे आणि मातकट रंग चढले, आणि स्क्वाड्रनगणिक त्यांची तऱ्हा वेगळी झाली. उघड्या पत्र्यावर तातडीने मारलेला रंग सावकाश अस्तर देऊन मारलेल्या रंगाहून लवकर सुटतो हे घराच्या खिडकीचे गज रंगवणाऱ्यासही ठाऊक आहे. म्हणून ह्या काळातल्या मिगवर रंग उडालेला दाखवण्यास जितका आधार आहे तितका पुढच्या काळात नाही. १२ डिसेंबर १९७१ रोजी जामनगरहून निघालेल्या मिगने कच्छच्या आखातावर पाकिस्तानचे एफ-१०४ पाडले, फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी, पोटाखालच्या तेवीस मिलिमीटरच्या जोडनळी तोफेने. मिग-२१ च्या त्या जातीत तोफ अंगभूत नव्हती. ती पोटाखाली टांगलेली होती. सबब बारुदाचा धूर दाखवावयाचा तो पोटाखाली, आणि पंखांच्या कडेला कदापि नाही. त्यानंतर दोनच दिवसांनी डाक्क्याच्या राज्यपाल-निवासावर मिग विमानांनी अग्निबाण टाकले. ती विमाने रंगवणाऱ्याने काजळी द्यावयाची ती पंखांखालच्या नळकांड्यांच्या तोंडाशी. युद्ध एक, विमान एक, दोन दिवसांचे अंतर, आणि डागांच्या जागा बदलल्या.

पिस्टनच्या इंजिनाच्या विमानांची गोष्ट निराळी, आणि ह्या बाबतीत आमच्या मराठवाड्याला बोलण्याचा थोडा अधिकार आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये, १३ ते १७ ह्या पाच दिवसांत, हैदराबाद संस्थानावर जी पोलिस कारवाई झाली तीत भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमाने होती. आष्टी तेव्हा निजामाच्या मुलुखाच्या पश्चिम काठावर, पलीकडे नगर जिल्हा म्हणजे मुंबई इलाखा. त्या कारवाईच्या आधीच्या महिन्यांत सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीबेरात्री शस्त्रे आणून बिदर व वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवीत असे. विमान ही वस्तू आमच्या भागात अशी प्रथम राजकारणाच्या रूपाने आली, पर्यटनाच्या नव्हे. टेम्पेस्टच्या नाकात अठरा सिलिंडरांचे सेंटॉरस इंजिन होते; त्याच्या धुराच्या नळ्या इंजिनाच्या आवरणामागे दोन्ही कुशींना उघडत, आणि त्यांतून निघालेला धूर विमानाच्या कुशीवरून मागे पट्टा ओढीत जाई. मध्यभागी तो राखाडी पांढुरका असतो आणि कडांना काळपट. चुलीच्या धुराड्याची विटाळलेली भिंत पाहा. ह्या कामास मी बाजारातली पूड आणीत नाही. समईची काजळी झाकणीवर धरावी आणि कोरड्या कुंचल्याने लावावी. चित्रकारांच्या पेटीतला दिव्याचा काळा म्हणतात तो हाच.

आणि वर्तुळे. विमानाच्या पंखावरचे चिन्ह हे रंगाऱ्याच्या दृष्टीने निव्वळ डेकल असते, पाण्यात भिजवून सरकवण्याचे. पण त्याच्या रंगांत अख्खा कालखंड मुरलेला असतो. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश आणि हिंदी विमानांच्या चिन्हांतील तांबडे वर्तुळ काढून टाकण्यात आले, कारण जपानचे चिन्ह तांबडा गोल आणि तोफखान्यावरचा शिपाई एवढा वेळ पाहत बसत नाही. उरले निळ्याचे दोन भेद. स्वातंत्र्यानंतर काही काळ पांढऱ्यावर निळे अशोकचक्र होते, आणि १९५० पासून केशरी, पांढरे, हिरवे, हिरवे मध्यभागी. ज्याने १९४८ च्या टेम्पेस्टवर तिरंगी वर्तुळ चिकटवले त्याने तारीख चुकीची घातली. मग बाकीचे काम कितीही बहारीचे असो.

आता आष्टीच्या हवेविषयी लिहिलेच पाहिजे, कारण विलायती पुस्तकांतील हवा इथे चालत नाही. रंग दुधाइतका पातळ करावा, पंधरा ते वीस पौंडांच्या दाबाने फवारावा, एक जाड हात देण्याऐवजी चार पातळ द्यावेत, हे सर्व खरे. परंतु मे महिन्यात आमच्याकडे पाण्यात मिसळणारा रंग फवाऱ्याच्या तोंडातून निघून विमानापर्यंत पोचेतो वाटेतच वाळतो आणि पृष्ठभागावर तांदळाच्या पिठीसारखा बसतो. पावसाळ्यात उलट, लॅकरच्या रंगावर दमटपणाने पांढुरकी साय धरते, आणि संध्याकाळी दिव्याभोवती जे किडे येतात त्यांपैकी एक तरी ओल्या पंखावर आपले पंख ठेवून जातो. दिवाळी ते होळी हा आमचा हंगाम. त्यातही धूळ असतेच. काळ्या मातीची असते, मुरमाची असते, रस्त्याच्या कामाची असते. तिच्यावर उपाय फवारणीपूर्वी अर्धा तास खोलीत सडा घालणे, हा मी आईकडून शिकलो. तिने तो विमानासाठी केला नव्हता. वीज जाते तेव्हा अर्धे रंगलेले विमान टोपलीखाली झाकून ठेवावे, जशी कोंबडीची पिले झाकतात, आणि संताप करू नये.

वापर उमटवण्याच्या क्रमाचे मर्म रसायनात आहे. खालचा रंग आणि वरचा रंग यांचे द्रावक भिन्न असले म्हणजे वरचा पुसता येतो व खालचा ढळत नाही. म्हणून ॲक्रिलिकवर किंवा लॅकरवर तैलरंगाचे पाणी. तैलरंगाची नळी कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते; १९३१ मध्ये मुंबईत दांडेकरांनी शाईची पूड करून ज्या धंद्याचा पाया घातला त्याची 'कॅमल' नावाची नळी मी शाळेत असल्यापासून ओळखतो, आणि तिच्यातील गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये कालवला असता पत्र्यांच्या सांध्यांत असा पळत सुटतो की पाहत राहावे. डेकल खडबडीत रंगावर लावू नये, खाली हवा अडकून चंदेरी चकाकी येते. आधी चकचकीत वार्निश, मग डेकल, पुन्हा वार्निश, मग सांध्यांचे पाणी, आणि अगदी शेवटी सगळ्यांची चकाकी मारणारे मंद वार्निश. विमानाचे पोट विसरू नये. टेबलावर विमान चाकांवर उभे असते म्हणून कोणी पोट पाहत नाही, पण सगळी गळती तेथेच असते.

नगरास १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे, आणि आष्टीहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. मी तेथे अनेकदा गेलो आहे, पण डाग शिकण्यास नव्हे. कारण उघड्यावर ठेवलेल्या यंत्राचे गंजापासून रक्षण करावयाचे तर त्यावर पुनःपुन्हा रंग चढवावाच लागतो, आणि मग वाळवंटातून आलेला रणगाडा व कारखान्यातून आलेला रणगाडा एकाच उजळीचे दिसू लागतात. चौकाचौकांत उभारलेल्या निवृत्त विमानांचेही तेच. त्यांना दरवर्षी तैलरंगाचा जाड हात मिळतो, सांधे बुजतात, आणि विमान साखरेच्या गाठीसारखे गुळगुळीत होते. रक्षणाचा मार्ग योग्य आहे. पण पत्र्यावरचे दप्तर त्यात जळाले. जुनी छायाचित्रे हाच आता आधार, आणि तेथेही कृष्णधवल चित्रात तेलाचा ओघळ व सावली यांची गल्लत होते, हे ध्यानात ठेवून.

आपण करतो ती झीज खोटीच असते, हा आक्षेप राहतो. मेजरांना मी तो एकदा बोलून दाखवला. त्यांनी माझ्या सातव्या मिगचे पोट उताणे करून पाहिले. उजव्या चाकाच्या खिडकीपाशी मी तेलाचा एक बारीक ओघळ मागे नेला होता. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही गळती मी दोनदा लिहिली होती वहीत." ते विमान त्यांनी मागितले नाही, आणि मी देऊ केले नाही, ते दोघांच्या मधल्या कपाटात, म्हणजे माझ्या, पण किल्ली त्यांच्याकडे, अशा तहाने राहिले आहे.

पुस्तकाच्या रचनेविषयी एवढेच की, प्रकरणे अनुक्रमाने वाचण्याची सक्ती नाही. पाचवे आणि सहावे आधी वाचणाऱ्याचे काही बिघडणार नाही. हे पुस्तक मे महिन्यात हाती आले असल्यास तिसरे प्रकरण, फवाऱ्याचे, दिवाळीपर्यंत राखून ठेवावे. तोवर घासकाम करावे. विमानाचे खोके मात्र टाकून देऊ नये. माझे ते पहिले, दोन आष्ट्या पाहून आलेले खोके अजून आहे. ओल्या रंगावर झाकण म्हणून ते उपडे घालतो, आणि त्याच्या एका कोपऱ्यावर आता कोऱ्या पुठ्ठ्यावर नव्हता असा निळ्या रंगाचा शिंतोडा आहे. तो माझा.

आष्टी, जि. बीड